बर्फ, अंधार आणि वसंताची वाट: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कॅनडात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या गोवेकरांची आणि इथे त्यांच्या काळजीत असलेल्या घरच्यांची पत्रं या वेळी निवडली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं देणारे लोक त्या थंडीत राहून, काम करून आलेले आहेत.

प्रश्न: मुलगी जानेवारीत विनिपेगला शिकायला चालली आहे. इथे बाजारात एक जाडजूड जॅकेट पाहून ठेवलं आहे. घ्यावं का? सोबत आणखी काय द्यावं?
(एक आई, म्हापसा)

उत्तर: जॅकेट घेऊ नका. आपल्याकडे मिळणारी बहुतेक जॅकेटं मनालीच्या सहलीच्या बेताची असतात. विनिपेगला जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असतं आणि रात्री ते उणे ३० पर्यंत उतरणं तिथे नवलाचं नाही. पार्का तिथेच घ्यावा: मांडीपर्यंत लांब, टोपी जोडलेली, वारा आत न शिरू देणारा. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये वापरलेले चांगले पार्के स्वस्तात मिळतात. अडचण फक्त पहिल्या दिवसाची. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाला एक जुना कोट सोबत आणायला आधीच सांगून ठेवा.

इथून द्यायचे ते आतले कपडे. थर्मलचे तीन जोड, लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे. सुती बनियन, सुती मोजे अंगालगत नकोत. सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं, आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. बसथांब्यापर्यंत धावत गेलेली मुलगी तिथे उभी राहिल्यावर काकडते ती यामुळे. थर्मलवर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर आणि त्यावर पार्का, असे तीन थर. वर्गात शिरताच वरचे दोन काढायचे, कारण आत २१-२२ अंश असतात. हे न केल्यामुळेच नवखी मुलं आत घामाघूम होतात आणि बाहेर पडल्यावर गारठतात.

बूट घेताना नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यायचे, आतलं अस्तर काढून वाळवता येईल असे. बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. जाड लोकरीचा एकच मोजा पुरतो. हातांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन बरे, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. कान झाकणारी लोकरी टोपी हवीच. तिला तिथे टूक म्हणतात.

हवामानाच्या ॲपमध्ये तापमानासोबत ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, हा आकडा असतो. रोज सकाळी तो पाहायला मुलीला शिकवा. तापमान उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला की विंड चिल उणे ३३ होतो. उणे २८ ते उणे ३९ या पट्ट्यात उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या पुढे ५ ते १० मिनिटांत. हिमदंश धरू लागला की दुखायचं थांबतं, हेच त्यातलं भय. नाक, गाल, कानाची पाळी आधी झोंबते, मग बधिर होते आणि पांढरट किंवा राखाडी दिसू लागते. आपल्या सावळ्या रंगावर हा बदल चटकन कळत नाही, म्हणून बधिरपणा हीच खूण धरावी. लगेच आत जायचं, ओले मोजे काढायचे आणि तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवायचा. पाण्याची ऊब दुसऱ्याच्या हाताने तपासायची, बधिर हाताला चटका कळत नाही. चोळायचं नाही, शेकोटीजवळ धरायचं नाही. फोड आले किंवा संवेदना परतली नाही तर दवाखाना गाठायचा.

प्रश्न: मी ब्रॅम्प्टनला शिकतो. नोव्हेंबरपासून सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दहा-दहा तास झोपूनही अंग जड राहतं, गोड खावंसं वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. घरी सांगितलं तर आळस म्हणतात.
(विद्यार्थी, मूळ साखळीचा)

उत्तर: हा आळस नव्हे, आणि हे उत्तर घरच्यांनाही वाचायला द्या. पणजीत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांहून मोठा असतो. टोरांटो-ब्रॅम्प्टनला २१ डिसेंबरला दिवस नऊ तासांना थोडा कमी भरतो, एडमंटनला साडेसात. सकाळी डोळ्यांत पुरेसा उजेड गेला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं. जास्त झोप, गोडाची ओढ, माणसांपासून दूर राहणं ही हिवाळी नैराश्याची लक्षणं आहेत. नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून त्यावर प्रकाशाचे उपचार होत आले आहेत.

पहिला उपाय फुकटचा आहे. रोज सकाळी, नाहीतर दुपारी बाराच्या सुमारास, अर्धा तास बाहेर चाला. ढग असले तरी चाला. घरातल्या दिव्यांचा उजेड १०० ते ५०० लक्स असतो, तर ढगाळ आकाशाखालीसुद्धा काही हजार लक्स मिळतात. खिडकीआड बसून तेवढं मिळत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर प्रकाशोपचाराचा दिवा घ्या. तो १०,००० लक्सचा आणि अतिनील किरण गाळणारा असावा. खोक्यावर ‘१०,००० लक्स’ बरोबर अंतरही छापलेलं असतं, ते नीट वाचा. लहान, स्वस्त दिवे तेवढा उजेड १५ सेंटीमीटरवरच देतात आणि तितक्या जवळ कुणी अर्धा तास बसत नाही. मोठ्या पृष्ठभागाचा, ४० ते ६० सेंटीमीटरवर चालणारा दिवा पाहा. उठल्यापासून तासाभरात, २० ते ३० मिनिटं, चेहऱ्यासमोर थोडा बाजूला ठेवायचा. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही. चहा-नाश्ता, वाचन त्याच वेळी उरकतं. फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून जानेवारीत बंद केला की लक्षणं परततात, एप्रिलपर्यंत चालू ठेवा. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. डोळ्यांचा विकार असेल किंवा मन कधी अती उत्साही तर कधी अती खचलेलं होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. हिवाळ्यात त्या अक्षांशावर सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ते जवळजवळ तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त ऊन लागतं. कॅनडातली शिफारस ७० वर्षांपर्यंत रोज ६०० युनिटांची, त्यापुढे ८०० ची आहे. तिथल्या गाईच्या दुधात ते कायद्याने घातलेलं असतं. दूध न पिणाऱ्यांनी गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला ४,००० युनिटांच्या वर जाऊ नये.

आणि शेवटचं, पण ताबडतोब करायचं: जगू नये असे विचार येत असतील तर ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. कॅनडाभर, दिवसरात्र, विनामूल्य. कॉलेजचे समुपदेशकही असतात. मदत मागायला परीक्षा संपायची वाट पाहू नका.

प्रश्न: सान्नांचं आणि डोशाचं पीठ दोन-दोन दिवस फुगत नाही. खोबरेल तेल बाटलीत दगड झालंय, हातपाय फुटलेत, आणि घर एवढं कोरडं असूनही खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं. हे काय गौडबंगाल?
(गृहिणी, कॅलगरी, मूळ मडगाव)

उत्तर: चारही तक्रारींचं मूळ थंडीच आहे. आधी कातडी आणि काचा: गार हवेत बाष्प मावत नाही. उणे २० ची हवा आत घेऊन २१ अंशांना तापवली की ती वाळवंटासारखी कोरडी होते. गोव्याच्या दमट हवेत वाढलेल्या कातडीला ते सोसत नाही. पंचवीसेक डॉलरच्या आत मिळणारं आर्द्रतामापक घ्या. थंडीत घरात ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरे. आपल्या सवयीप्रमाणे ती ६० वर नेण्यासाठी ह्युमिडिफायर रात्रंदिवस चालवलात तर सगळं बाष्प गार काचेवर जमतं, चौकटीत मुरतं आणि तिथे काळी बुरशी धरते. बाहेर उणे २५ च्या खाली गेलं की २५ टक्क्यांवरच थांबा. भात शिजवताना आणि आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा लावा. जुन्या खिडक्यांना आतून प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवून हेअर ड्रायरने ताणून घेतली की काचेपाशी हवेचा एक थर अडकतो आणि पाणी थांबतं.

आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत उरकायची. अंग टिपून, ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत जाड क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावायची. पूर्ण कोरड्या अंगाला चोळलेलं तेल ओलावा देत नाही, असलेला कोंडतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यात बिघाड काही नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

पिठाला २७ ते ३२ अंश लागतात आणि तुमच्या ओट्यावर १८-१९ असतील. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि पिठाचं भांडं आत ठेवा. १२ ते १६ तासांत पीठ वर येतं. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. नव्या ओव्हनमध्ये एलईडी दिवा असतो, तो तापत नाही, आणि बरेच जण इथेच फसतात. तसं असेल तर खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून ते दर चार तासांनी बदला. ओव्हनच्या दारावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी तो तापवायला घेईल. सान्नांना तिथे माडाची सूर मिळणार नाही. दोन वाट्या तांदळाच्या वाटणाला अर्धा चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि एक चमचा साखर कोमट नारळपाण्यात विरघळवून घाला. त्याच उबेत दीड-दोन तासांत फुगतं. त्याहून जास्त ठेवलं तर आंबूस वास येतो आणि सान्नां वाफेवर बसतात.

प्रश्न: दर वर्षी तुळस आणते आणि दर वर्षी जानेवारीत ती मरते. करिपत्त्याची तर सगळी पानं गळाली. खिडकीत ऊन असतं, पाणी रोज घालते.
(मिसिसागा, मूळ डिचोली)

उत्तर: रोजचं पाणी हेच कारण असण्याची शक्यता सर्वांत मोठी. उजेड कमी म्हणजे झाडाची तहानही कमी. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती कोरडी झाल्यावरच, खोलीच्या तापमानाचं पाणी द्या. नळाचं थेट पाणी जानेवारीत चार-पाच अंशांचं असतं, त्याने मुळं आखडतात. दुसरं म्हणजे जागा. काचेला टेकलेली पानं रात्री काळी पडतात, आणि खिडकीखालीच हीटरची जाळी असेल तर झाड एका बाजूने गोठतं, दुसऱ्या बाजूने भाजतं. कुंडी काचेपासून १५ सेंटीमीटर आत घ्या, जाळीचं तोंड वळवा. झाडं वाढवण्याचा एलईडी दिवा शेंड्यापासून २०-३० सेंटीमीटरवर टांगून टायमरने १२ ते १४ तास चालवा. मंजिऱ्या येतील तशा खुडा. पानांखाली बारीक जाळं दिसलं तर ती कोळी नावाची कीड आहे, कोरड्या हवेत ती फोफावते. न्हाणीघरात नेऊन पानं खालच्या बाजूने धुवा, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे.

खरी चूक मात्र बहुधा शरदात होते. तुळशीचं लग्न होईपर्यंत कुंडी अंगणात ठेवावीशी वाटते, पण कार्तिक येईपर्यंत टोरांटोकडे दहिवर गोठून गेलेलं असतं. रात्र १२ अंशांखाली जाऊ लागली की, म्हणजे सप्टेंबरातच, कुंडी आत यायला हवी. त्याच वेळी दहा सेंटीमीटरच्या दोन-तीन फांद्या कापून पाण्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत मुळं फुटतात, आणि मूळ झाड गेलं तरी वंश राहतो.

करिपत्ता टाकू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड झोपलं आहे. मार्चपर्यंत पंधरवड्यातून एकदा थोडं पाणी, खत अजिबात नाही. गळलेल्या झाडाला दया येऊन खत-पाणी घालणं म्हणजे त्याची मुळं कुजवणं.

प्रश्न: आम्ही दोघं सत्तरीच्या उंबरठ्यावर. फेब्रुवारीत मुलाकडे ओटावाला जातोय. दारातला बर्फ काढायला त्याला हातभार लावावा म्हणतो.
(निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर: हा हातभार लावू नका. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद अंगणात १५ सेंटीमीटर कोरडा, ताजा बर्फ पडला तर तो साडेसातशे किलोच्या घरात जातो. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि फावडं उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. हृदयाला याहून वाईट मिश्रण नाही. मुलालाही सांगा: बर्फ उचलून फेकण्यापेक्षा ढकलायचा, पंधरा मिनिटांनी थांबायचं, आणि बर्फ पडत असतानाच दोन-तीनदा थोडा थोडा काढायचा. नगरपालिकेची रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी जाताना फाटकाशी जो दगडासारखा बांध टाकून जाते, तो गोठण्याआधी फोडायचा. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू पसरावी.

तुम्ही दोघांनी बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे वापरा आणि आत येताच काढा, फरशीवर तेच पट्टे पाडतात. पावलं आखूड, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. पाहुण्यांना प्रांताचा सरकारी आरोग्य विमा लागू नसतो, त्यामुळे प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नका आणि जुन्या आजारांची नोंद त्यात खरी करा.

प्रश्न: हिवाळ्यात गाडी घेताना काय पाहावं?
(सास्काटून, मूळ वास्को)

उत्तर: हिवाळी टायर, चारही. सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह पाहून घ्या. सास्काटूनला ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर ऊबदार ठेवणारा हीटर, हवाच, निघण्याआधी दोन-तीन तास टायमरने लावा. टाकी अर्ध्याखाली नको. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. धुराड्याभोवतीचा बर्फ काढा, तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवा आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो.

प्रश्न: इथे शिगमो झाला, काजू पिकले, सुरंगीचे वळेसार बाजारात आले, आणि लेक विचारते, ‘आई, वसंत येणार तरी कधी?’ मार्च संपत आला तरी तिच्या फोटोंत बर्फच. तिला काय सांगू?
(पेडणे)

उत्तर: तिला आधी खरं सांगा: पंचांगातला वसंत आणि तिच्या अंगणातला वसंत यांत महिना-दीड महिन्याचं अंतर आहे. २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि ऊन पुरेसं असतं, पण ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत आकाशात फेकतो. उरलेल्या उन्हाची ऊब बर्फ वितळवण्यातच खर्च होते. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाचंच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात, आणि तेवढ्यात तापमान तसूभर चढत नाही. खाली जमीन गोठलेली, तळी गोठलेली. मार्चमध्ये दोन दिवस दहा अंश झाले म्हणून लोक कोट धुवायला टाकतात आणि तिसऱ्या दिवशी वीस सेंटीमीटर बर्फ पडतो. मन सर्वांत जास्त खचतं ते याच दिवसांत, जानेवारीत नव्हे. म्हणून पार्का एप्रिलअखेरपर्यंत खुंटीवरच राहू दे. गोठलेल्या तळ्यावर आता पाऊल टाकायचं नाही, हेही बजावून सांगा. चालायला निदान १५ सेंटीमीटर घट्ट बर्फ लागतो, आणि मार्चचा बर्फ जाड दिसला तरी आतून पोकळ असतो.

पण वसंत येतो तो एकदम येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतो, आणि ते तुकडे ओळखायला शिकलं की वाट सोपी होते. बहुतेक प्रांतांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात. टोरांटो आणि गोवा यांतलं साडेदहा तासांचं अंतर साडेनऊ होतं आणि तुमचा रात्रीचा फोन तिच्या घड्याळात सकाळी तासभर उशिरा येतो. याच सुमारास मेपलचा रस वाहू लागतो. रात्र शून्याखाली आणि दिवस शून्यावर गेल्याशिवाय खोडात दाब तयार होत नाही, म्हणून हे काम याच काही आठवड्यांत होतं. रसात साखर जेमतेम दोन टक्के, त्यामुळे एक लिटर पाकाला ४० लिटर रस आटवावा लागतो. आपल्या नीरेपासून गूळ करणाऱ्यांना हे गणित लगेच समजेल. जवळ शुगर शॅक, म्हणजे हा रस आटवण्याची खोपी, असेल तर तिने मार्चमधला एक रविवार तिथे घालवावा. एप्रिलमध्ये बर्फाच्या कडेने क्रोकसची फुलं वर येतात. टोरांटोच्या हाय पार्कमधली चेरीची झाडं, जी १९५९ मध्ये टोकियोने भेट दिली, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलतात. ओटावाचे ट्यूलिप मे महिन्यात. ट्यूलिपच्या कांद्याला १२ ते १६ आठवडे थंडी मिळाल्याशिवाय फूल धरत नाही, गोव्याच्या मातीत तो फुलत नाही तो यामुळे.

हाताला काम असलं की आठवडे मोजवत नाहीत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिने तुळशीचं बी पेरावं: ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही, वर प्लास्टिक, २१ ते २५ अंश ऊब. एक-दोन आठवड्यांत कोंब येतात. मिरची आणि टोमॅटोही याच वेळी. मे महिन्यात रोपं आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ बाहेर ठेवून सवय करायची, आणि टोरांटोकडे मेच्या तिसऱ्या-चौथ्या सोमवारच्या व्हिक्टोरिया डेनंतर टोमॅटो जमिनीत लावायचे. तुळस रात्री दहा अंशांखाली जात नाहीत अशी खात्री झाल्यावर, जूनमध्ये.

तोवर एक गोष्ट उद्याच करता येईल. घरमालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाला फोर्सिथियाचं झुडूप असेल तर विचारून, तापमान शून्याच्या वर असताना, कळ्यांनी फुगलेल्या दोन हात लांब फांद्या कापायच्या. खालचं टोक तिरकं कापून दोन-तीन सेंटीमीटर उभं चिरायचं, रात्रभर कोमट पाण्यात आडव्या बुडवून ठेवायच्या, मग उंच बरणीत उभ्या करून थेट उन्हापासून दूर ठेवायच्या. दोन दिवसांआड पाणी बदलायचं, कळ्यांवर रोज पाण्याचा शिडकावा. मार्चअखेर कापलेल्या फांद्या आठ-दहा दिवसांत पिवळ्याधमक फुलतात.